टाळेबंदीतला खान्देश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरोनाच्या दोन्ही लाटांत मी अंगणवाडी सेविका म्हणून चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावाच्या दक्षता समितीत होते. त्या दिवसांबद्दल आजही लोक विचारत असतात. शाळकरी मुलं प्रकल्पासाठी विचारतात, सुरतेला राहणारे भाऊबंद विषय निघाला की विचारतात, आणि नव्याने निवडून आलेले ग्रामपंचायत सदस्य पुढच्या तयारीसाठी विचारतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांपुरती आहेत.

टाळेबंदी नेमकी कधी लागली आणि कधी उठली?

२२ मार्च २०२० च्या रविवारी जनता कर्फ्यू झाला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. त्या दिवशी गुढीपाडवा होता. आधी २१ दिवस म्हणून लागलेली बंदी वाढत वाढत ३१ मेपर्यंत गेली आणि जूनच्या सुरुवातीला राज्यात टप्प्याटप्प्याने मोकळीक देणारं ‘मिशन बिगिन अगेन’ सुरू झालं. आपल्याकडे मात्र मोकळीक टिकली नाही. जळगाव, भुसावळ आणि अमळनेर ही तीन शहरं ७ ते १३ जुलै २०२० या काळात पुन्हा कडकडीत बंद होती.

दुसऱ्या लाटेत १४ एप्रिल २०२१ च्या रात्री आठपासून ‘ब्रेक द चेन’चे कडक निर्बंध आले आणि जूनपासून जिल्ह्याजिल्ह्याची परिस्थिती पाहून सैल होत गेले. शेवटचे निर्बंध २०२२ च्या गुढीपाडव्याला उठले.

लोकांना घरात बसवलं ते कोणत्या कायद्याने?

१८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. जमावबंदीसाठी कलम १४४ आणि आदेश मोडला तर भारतीय दंड विधानाचं कलम १८८. प्रत्यक्षात गावात या कलमांची नावं कुणी विचारली नाहीत. पोलीस पाटलांनी दवंडी दिली आणि ‘घरमा बठा रे भाऊ’ एवढं सांगितलं, ते पुरलं.

किराणा, दूध, भाजीपाला कसा मिळायचा?

जीवनावश्यक वस्तूंची दुकानं बहुतेक काळ उघडी असायची. पहिल्या लाटेत वेळा जिल्हाधिकारी ठरवायचे. दुसऱ्या लाटेत २० एप्रिल २०२१ पासून राज्यभर सकाळी सात ते अकरा अशी वेळ होती. खरी अडचण झाली ती आठवडे बाजार बंद झाल्याने. खेड्यातली बाई आठवड्याचं तेल-मिरची-लसूण बाजाराच्या दिवशीच भरते, त्या दिवशीच्या मजुरीतून भरते. बाजार बंद म्हणजे तिची चूलच अडली.

सात ते अकराच्या नियमाने आमच्याकडे सुरुवातीला गर्दी कमी न होता वाढली. चार तासांत सगळं गाव दोन दुकानांवर. मग समितीने गल्लीनिहाय वार ठरवले आणि दुकानदाराकडे यादी आदल्या रात्रीच पोचवायची सोय केली. सकाळी फक्त पिशवी उचलायची, पैसे नसतील तर उधारीच्या वहीत मांडायचं. दुसऱ्या दिवसापासून दुकानासमोरची गर्दी मोडली. पोलिसांची गाडी महिन्यातून एखाद्या वेळी आली असेल. माझं तेव्हापासून ठाम मत आहे की नियमाबरोबर सोय पोचली की लोक नियम पाळतात, आणि सोय न पोचवता नुसता दंडुका पोचला की माणूस मागच्या दाराने बाहेर पडतो.

रेशनवर काय मिळालं?

प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेत एप्रिल ते नोव्हेंबर २०२० माणशी महिन्याला ५ किलो धान्य आणि कुटुंबामागे १ किलो डाळ मोफत होती. सुरुवातीला आपल्याकडे ते सगळं तांदूळच आलं. ज्या घरांत दोन्ही वेळा कळण्याची भाकरी खातात तिथे एवढ्या तांदळाचं करायचं काय हा प्रश्न होता. बायांनी त्याचे पापड केले, पीठ करून ज्वारीत मिसळलं. केशरी कार्डवाल्यांना मे आणि जून २०२० मध्ये माणशी ३ किलो गहू ८ रुपये किलोने आणि २ किलो तांदूळ १२ रुपये किलोने मिळाला. संसर्ग पसरू नये म्हणून त्या काळात मशीनवर ग्राहकाचा अंगठा घेणं थांबवलं होतं. त्यामुळे बोटांच्या रेषा पुसल्या गेलेल्या कितीतरी म्हाताऱ्या मजूर बायांना पहिल्यांदाच विनातक्रार धान्य मिळालं, हे मुद्दाम नोंदवून ठेवते.

गावाबाहेरच्या शहरांत शिवभोजन थाळी होती. मार्च २०२० च्या अखेरीस तिची किंमत १० रुपयांवरून ५ रुपये झाली आणि २०२१ च्या निर्बंधांत ती काही महिने मोफत होती.

शेतात जायला परवानगी लागायची का?

नाही. शेतीची कामं, खतं-बियाण्याची दुकानं आणि शेतमालाची वाहतूक यांना पहिल्या टाळेबंदीतच मोकळीक दिली गेली होती. पण कागदावरची मोकळीक आणि केळीच्या बागेतली परिस्थिती यांत फार अंतर होतं.

रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा हा सगळा पट्टा केळीचा. केळीचा घड तयार झाला की तो थांबत नाही. कापूस घरात भरून ठेवता येतो, हरभरा कणगीत राहतो, केळी झाडावरच पिकायला लागते आणि पिकलेली केळी दिल्लीला जात नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये व्यापारी यायचे बंद झाले. भाव बऱ्हाणपूरच्या लिलावावर चालतो आणि बऱ्हाणपूर आहे मध्य प्रदेशात. ट्रकवाले मिळेनात, मिळाले तर रस्त्यात ढाबे बंद असल्याने यायला तयार नसत. घड कापणारी आणि गाडी भरणारी टोळी आठ-दहा जणांची असते, एकाच टेम्पोतून शेतात जाते. ती टोळी नाक्यावर अडवली गेली की त्या दिवसाची कापणी गेली. आमच्या शेजारच्या बागेत मी स्वतः पाहिलं, घड खाली उतरवून त्याच्या फण्या गुरांपुढे टाकल्या होत्या. काही शेतकऱ्यांनी गावात घरोघर केळी वाटली.

यावर उपाय निघाला तो टोळ्यांना तहसीलमधून पास देण्याचा आणि रेल्वेचा. ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून दानापूरला देशातली पहिली किसान रेल्वे निघाली आणि तिला जळगाव, भुसावळ असे थांबे होते. पण उन्हाळ्यातली केळी तोवर गेलेली होती.

घरात वेगळी खोली नसेल तर विलगीकरण कसं करायचे?

सौम्य लक्षणांच्या रुग्णाला घरीच ठेवायला २०२० च्या एप्रिलअखेर परवानगी मिळाली, पण अट होती स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र संडासाची. खान्देशात त्या उन्हाळ्यात ही अट पुरी करणं आणखी अवघड होतं, कारण खोली असली तरी तिच्यात कापूस भरलेला होता. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,५५० रुपये होता आणि खासगी व्यापारी त्यापेक्षा खूप कमी भावाने मागत होते. सरकारी खरेदी मार्चअखेर थांबली आणि पुन्हा सुरू झाली तेव्हा बाजार समितीकडे नाव नोंदवून नंबर येण्याची वाट पाहावी लागली. तोपर्यंत ओसरी, मधली खोली, माडी, सगळीकडे कापूस. उन्हं तापली की त्यात किडे होतात, अंगाला खाज सुटते, लहान पोरं रात्रभर खाजवत बसतात. अशा घरात तापाचा माणूस कुठे निजवणार?

आमच्या समितीने तीन पर्याय ठेवले होते. शेतात पक्कं घर आणि वीज असेल तर रुग्णाला तिथे पाठवायचं, डबा बांधावर ठेवायचा आणि आशाताईंनी दोन वेळा फोन करायचा. ते नसेल तर शाळेची खोली. साठीच्या पुढचा माणूस असेल, दम लागत असेल किंवा ऑक्सिमीटरवर आकडा ९४ च्या खाली जात असेल, तर घरही नाही आणि शेतही नाही, १०८ ला फोन करून सरळ दवाखाना. शेतातला पर्याय चांगला होता, पण एकट्या माणसाला कधीच पाठवू नये असं मी तेव्हाही सांगत होते. रात्री दम लागला तर हाक कुणाला मारणार? घरातलं कुणीतरी मास्क लावून, अंतर ठेवून बाहेर अंगणात निजायलाच हवं.

कूलर लावलेला चालायचा का?

खिडकीत बसवलेला, बाहेरची हवा आत घेणारा कूलर चालायचा, समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. मे महिन्यात भुसावळ, जळगावला पारा ४५ च्या घरात जातो, तिथे कूलर बंद करा असं सांगण्यात अर्थ नव्हता.

सुरतेहून आलेल्यांना गावात का घेतलं जात नव्हतं?

भीतीमुळे. उधना, लिंबायत या भागांत आपल्या तिन्ही जिल्ह्यांतली हजारो घरं आहेत, कुणी यंत्रमागावर, कुणी साडीच्या मार्केटात. कारखाने बंद झाले, खोलीचं भाडं थकलं आणि लोक गावाकडे निघाले. नवापूरच्या सीमेवर अडवलं गेलं तेव्हा काहींनी आडवाटा धरल्या. नंदुरबारची आदिवासी कुटुंबं बारडोली, नवसारीकडे ऊसतोडीला गेलेली होती, तीही अशीच परतली. इकडे काही गावांनी रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या.

रस्ता अडवणं कायद्यात बसत नव्हतं. जिल्हा प्रशासनाचा आदेश होता तो परत आलेल्याची नोंद करा, तपासणी करा आणि १४ दिवस अलग ठेवा असा. घरी अलग ठेवलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारला जायचा. आमच्या गावात जिल्हा परिषद शाळेत सोय केली. सुरतेहून आलेल्या एका कुटुंबातली बाई गरोदर होती. शाळेच्या संडासाला कडी नव्हती, पंखा बंद होता, आणि तिच्या सासूने फाटकाशी उभं राहून विचारलं, ‘ताई, सूनबाईले कथा ठेवशात?’ (सूनबाईला कुठे ठेवाल?) त्याच दुपारी कडी बसली, पंखा लागला. त्यानंतर त्या शाळेतून एकही माणूस रात्री पळून घरी गेला नाही. शेजारच्या गावात पळाले. तिथे प्यायला पाणीसुद्धा लांबून आणावं लागत होतं, मग त्यांना दोष कसा द्यायचा?

आग्रा रोडवरून चालत गेलेल्यांचं काय?

मुंबई–आग्रा महामार्ग धुळे, शिरपूर, पळासनेर असा जाऊन बिजासन घाटातून मध्य प्रदेशात उतरतो. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेशातले मजूर पायी, सायकलने, रिक्षाने, ट्रकच्या टपावर बसून याच रस्त्याने गेले. १ मेपासून श्रमिक रेल्वे सुरू झाल्या तरी गर्दी लगेच ओसरली नाही. रस्त्याकडच्या गावांनी भाकरी, खिचडी, ताक, जुन्या चपला दिल्या. अन्न वाटायलाही परवानगी आणि अंतराचे नियम होते. ते जेवढे पाळता आले तेवढे पाळले गेले, आणि जिथे पाळता आले नाहीत तिथे वाटणाऱ्यांनी वाटणं थांबवलं नाही, ते बरोबरच केलं असं मला वाटतं.

अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकीला माहेरी आणता येत होतं का?

हा प्रश्न दोन्ही वर्षी सगळ्यात जास्त विचारला गेला. २०२० ला अखाजी २६ एप्रिलला आली आणि २०२१ ला १४ मेला. दोन्ही वेळा निर्बंध कडक होते. २०२१ मध्ये जिल्ह्याबाहेर जायचं तर अत्यावश्यक सेवा, दवाखाना किंवा मयत एवढीच कारणं चालत. मुऱ्हाळी, म्हणजे लेकीला सासरहून आणायला जाणारा माणूस, पाठवायचाय या कारणावर ई-पास मिळत नव्हता.

बाहेरच्यांना यात एवढं काय असं वाटेल. खान्देशात दिवाळीला लेक आली नाही तर चालून जातं, अखाजीला नाही आली तर आई जेवत नाही. वर्षभर सासरी राबलेली पोर त्या चार दिवसांत निंबाच्या झोक्यावर बसते, गौराईची गाणी म्हणते, मैत्रिणींना भेटते. ज्या घरात नुकतंच लग्न झालंय तिथे तर पहिली अखाजी. एका वर्षी नाही, लागोपाठ दोन वर्षं ती चुकली.

काय करता आलं ते सांगते. पितरांची घागर घरातच भरायची असते, तिला कुणाची परवानगी लागत नव्हती. डांगर, आंबे, सांजोऱ्या, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस, हे घरोघर झालं. झोके गल्लीतल्या सामाईक निंबाऐवजी घराच्या कडीला बांधले गेले. गाणी फोनवर म्हटली गेली, सासरी लेक आणि माहेरी आई, दोघी फोन कानाशी धरून एकेक कडवं. जी सासरं समजदार होती त्यांनी त्या दिवशी सुनेला कामाला लावलं नाही. आमच्या समितीतल्या आक्कांनी घरोघर तेवढंच सांगितलं होतं, आणि मला तो सगळ्या सूचनांमधला शहाणा निरोप वाटतो.

पुरुषांची अडचण वेगळी होती. अखाजीला झाडाखाली पत्त्यांचे डाव बसतात. दहा-पंधरा माणसं गुडघ्याला गुडघा लावून, तेच पत्ते हाताळत, थुंकी लावून पिसत. संसर्गाला याहून चांगली जागा नाही. ते डाव समितीने उठवले आणि त्यात कुणाचीही गय केली नाही.

२०२१ ला रमजान ईदही त्याच दिवशी होती. नमाज घरीच झाली. आमच्या गल्लीत शिरखुर्मा आणि सांजोऱ्या झाकणाच्या डब्यांतून ओट्यावर ठेवून पोचल्या.

गल्लीत मिळून पापड-बिबडे करायला बसणं नियमात होतं का?

नव्हतं. शिजवण्याचं काम एका घरी आणि घालण्याचं काम आपापल्या धाब्यावर (घराच्या सपाट छतावर), असं वाटून घेतलं तर जमायचं. बिबड्याचा घाटा गरम असतानाच घालावा लागतो, म्हणून पातेलं शेजारच्याच घरापर्यंत न्यायचं. त्यापुढे नाही.

लग्नाला किती माणसं चालत होती?

२०२० मध्ये ५०. २२ एप्रिल २०२१ पासून २५ माणसं आणि दोन तास, मोडलं तर ५०,००० रुपये दंड. अख्ख्या गावाला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी वाढणाऱ्या आपल्या मुलखात हा आकडा ऐकून लोक चक्रावले. मग साखरपुड्यातच लग्न उरकण्याची पद्धत आली. बस्ता नाही, मिरवणूक नाही, मुलीच्या बापाचं कर्ज नाही. ती पद्धत टिकायला हवी होती. नंतर मांडव पुन्हा पूर्वीसारखेच मोठे झाले.

मयतीला आणि दारावर जाण्याचं काय?

अंत्यविधीला २० माणसांची परवानगी होती. कोविडने गेलेल्याचा देह बहुतेक वेळा घरी येत नसे, पालिकेचे कर्मचारी विधी करायचे आणि घरच्यांना लांबून पाहावं लागायचं.

आपल्याकडे माणूस गेला की नातेवाईक दारावर येतात. आल्या आल्या बाया गळ्यात पडून रडतात, पुरुष ओट्यावर बसतात, कुणीतरी घरच्यांना बळेच दोन घास खाऊ घालतं. दहा दिवस घर रिकामं राहत नाही. या सगळ्याला बंदी होती आणि ती बंदी योग्य होती, कारण दारावर जाऊन आलेल्यांमधून साथ दोन-तीन गावांत पोचल्याचं आम्ही पाहिलं. पण ज्यांच्या घरात माणूस गेला त्यांना ते दिवस बंद दारामागे काढावे लागले. गंधमुक्ती, म्हणजे दुखवटा संपवण्याचा विधी, घरातल्या चार माणसांत झाली. काहींनी उन्हाळा गेल्यावर वर्षश्राद्धाला माणसं बोलावली आणि रडणं तेव्हा झालं.

तुमच्या ओळखीत असं घर असेल आणि तुमचं दारावर जाणं त्या वेळी राहून गेलं असेल, तर अजूनही जाऊन या. उशीर झाला म्हणून कुणी दार लावत नाही.

यात्रा आणि वारी?

२०२० ला सप्तशृंगगडाचा चैत्रोत्सव झाला नाही, खान्देशातून पायी जाणारे भाविक घरीच थांबले. मुक्ताईनगरहून संत मुक्ताईंची पालखी त्या आषाढीला मोजक्या वारकऱ्यांसह एसटी बसने पंढरपूरला गेली.

मास्कऐवजी रुमाल किंवा पदर चालायचा का?

नाक-तोंड नीट झाकलं जात असेल तर कापडी रुमाल चालायचा. पदर सारखा घसरतो, म्हणून तो नको असं आम्ही सांगत होतो. मार्च २०२१ च्या अखेरीपासून मास्क नसेल तर ५०० आणि थुंकलं तर १,००० रुपये दंड होता. निंदणीला गेलेल्या बाईने ४४ अंशांत मास्क लावून वाकून काम करावं असं मात्र कुणी म्हणू नये. शेतात दोन ओळींचं अंतर पुरायचं. मास्क लागायचा तो टेम्पोत बसताना.

नळाला आठवड्याने पाणी येत असेल तर हात सारखे कसे धुवायचे?

वीस सेकंद साबण चोळायला फार पाणी लागत नाही, ते लागतं शेवटी, आणि तांब्याभर पुरतं. दाराशी तोटीची बादली ठेवायची आणि खालचं पाणी झाडाला घालायचं.

शाळेचं काय झालं?

२०२० ला दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. २०२१ ला दहावीची परीक्षाच झाली नाही. ऑनलाइन शाळेचा गवगवा झाला, पण नंदुरबारमधल्या धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर रेंज नव्हती आणि आमच्या गावात एका फोनवर तीन भावंडं होती, तोही बाप शेतातून आल्यावर मिळणार. जे शिक्षक पाड्यावर जाऊन ओट्यावर, झाडाखाली पाच-सहा पोरांना शिकवत राहिले त्यांच्यामुळे काही पोरांचं वाचन टिकलं. बाकीच्यांचं नुकसान अजून भरलेलं नाही. तिसरीत सुटलेली पोरं पाचवीत बसली तेव्हा जोडाक्षरं वाचताना अडत होती.

दुसऱ्या लाटेत नंदुरबारचं नाव का घेतलं जातं?

ऑक्सिजनमुळे. जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या काळात तिथे दुसरी लाट येण्याआधीच हवेतून ऑक्सिजन तयार करणारे प्रकल्प बसवले गेले. एप्रिल २०२१ मध्ये मोठ्या शहरांत सिलिंडरसाठी धावाधाव चालली असताना तिथल्या रुग्णालयांना त्याचा आधार मिळाला. पहिली लाट ओसरल्यावर सगळे निवांत झाले होते, तेव्हा हे काम झालं, म्हणून त्याचं मोल जास्त.

पुन्हा साथ आली तर ग्रामपंचायतीने आधी काय करावं?

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची, गरोदर बायांची आणि रोज गोळ्या लागणाऱ्यांची यादी तयार ठेवावी. शाळेचे संडास, कड्या, पंखे आजच दुरुस्त करावेत. दुकानदाराशी यादीच्या पद्धतीचं बोलून ठेवावं. सुरत, पुणे, मुंबईला कोण राहतं त्यांचे फोन नंबर गल्लीनिहाय लिहावेत. सूचना अहिराणी, पावरी, भिलीत द्याव्यात. पत्रकातली भाषा म्हातारीला कळत नाही.

तेव्हा माझ्यावर गुन्हा दाखल झाला होता. आता काय करू?

टाळेबंदीत कलम १८८ खाली दाखल झालेले गुन्हे मागे घेण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२२ मध्ये घेतला. कर्मचाऱ्यांवर हल्ला किंवा मालमत्तेचं नुकसान असं काही प्रकरणात असेल तर ते आपोआप सुटलं असं समजू नका. पोलीस ठाण्यात जाऊन गुन्हा क्रमांक सांगा आणि सद्यस्थिती लेखी मागा. नोकरीच्या चारित्र्य पडताळणीआधीच हे करून घ्या, ऐन वेळी धावपळ होते.